न आवडलेल्या आकड्याचं काय करायचं?

वाचक लिहितात:

ताई, मी पीएचडीच्या चौथ्या वर्षाला आहे. माझं काम दोन विभागांमध्ये वाटलेलं आहे. गाइड पर्यावरणशास्त्राचे, को-गाइड समाजशास्त्राच्या. मी शाळेच्या ४२ वर्गखोल्या घेतल्या. चिठ्ठ्या टाकून त्यांतल्या २१ खोल्यांमध्ये कार्बन डायऑक्साइडचा आकडा दाखवणारं यंत्र भिंतीवर लावलं. उरलेल्या २१ मध्ये तेच यंत्र झाकून ठेवलं, म्हणजे ते मोजत होतं, पण आकडा कुणाला दिसत नव्हता. आकडा वाढलेला दिसला की शिक्षक खिडक्या उघडतील आणि हवा सुधारली की मुलांचं लक्ष सुधारेल, असं गृहीतक होतं. तीन महिन्यांनी १०० गुणांची लक्षचाचणी घेतली. प्रपोजलमध्ये ५ गुणांचा फरक अपेक्षित धरला होता. आला १.१ चा. कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा फरक बहुधा ज्या पट्ट्यात असावा तो, उणे ०.७ ते २.९. पी-व्हॅल्यू, म्हणजे यंत्राचा परिणाम नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता, ०.२२. ती ०.०५ च्या खाली आली तरच निकाल ग्राह्य धरायची प्रथा आहे.

सर म्हणतात, चार वर्गांतल्या शिक्षकांनी खिडक्या उघडल्याच नाहीत, ते वर्ग काढून टाक आणि मुलींचा सकाळच्या सत्राचा डेटा वेगळा बघ. तसं करून, प्रत्येक मुलगी सुटी मोजली, तर पी ०.०४ येतो. सर म्हणाले, ‘हाच आपला पेपर.’ तेव्हापासून मला झोप नाही. माझ्या मैत्रिणी लॅबमध्ये काम करतात, त्यांचे आकडे स्वच्छ असतात. माणसांवरचं संशोधन मुळातच असं भुसभुशीत असतं का? २३ शिक्षकांच्या मुलाखतीही माझ्याकडे आहेत. एक बाई म्हणाल्या होत्या, ‘आकडा लाल झालेला दिसतो हो, पण खिडकी उघडली की मागच्या बाकापर्यंत माझा आवाज पोचत नाही.’ सर म्हणतात, मुलाखती परिशिष्टात टाक. निकाल शून्य आला म्हणजे माझी चार वर्षं वाया गेली का?

उत्तर:

तुमची चार वर्षं वाया गेलेली नाहीत. आणि ०.०४ चा तो पेपर आहे त्या रूपात पाठवू नका. या दोन्ही गोष्टी मी मनापासून सांगते आहे. आता त्यामागचं कारण जरा सविस्तर लिहिते, कारण सरांसमोर बसाल तेव्हा ते तुमच्या हाताशी असायला हवं.

पहिल्यांदा त्या ०.०४ कडे बघू. मुलगे, मुली, सगळे मिळून, असे तीन पर्याय. सकाळ, दुपार, पूर्ण दिवस, हे आणखी तीन. चार वर्ग ठेवून किंवा वगळून, हे दोन. एकूण १८ वाटा झाल्या. यंत्राचा काडीइतकाही परिणाम नसता आणि या १८ वाटा एकमेकींपासून स्वतंत्र असत्या, तर त्यांतल्या निदान एका वाटेवर ०.०५ च्या खालचा आकडा भेटण्याची शक्यता सुमारे ६० टक्के असती. तुमच्या वाटा एकमेकींत गुंतलेल्या आहेत, म्हणून प्रत्यक्षातली शक्यता त्याहून कमी, पण तरीही ५ टक्क्यांच्या बरीच वर. पेपर वाचणाऱ्याला यांतली एकच वाट दिसेल आणि आपण मुद्दाम तीच तपासायला निघालो होतो असा त्याचा समज होईल. आकडा खरा, गणित बरोबर, तरी वाचणाऱ्याची फसवणूक झालीच.

त्यात प्रत्येक मुलगी सुटी मोजली, हे आणखी जड जातं. चिठ्ठी मुलींच्या नावाने टाकली नव्हती, वर्गाच्या नावाने टाकली होती. एका खोलीतल्या मुली एकच हवा घेतात, एकाच शिक्षिकेकडून शिकतात, त्यांचे गुण एकमेकींसारखे असतात. शेकडो मुली दिसल्या तरी तुमच्या प्रयोगात नाणं ४२ वेळाच उडवलं गेलं. हे विसरलं की पी-व्हॅल्यू खोटी लहान होते.

आता ते चार वर्ग. सरांची सूचना ऐकायला अगदी रास्त वाटते: औषध घेतलंच नाही तो रुग्ण औषधाच्या परीक्षेत कशाला धरायचा? पण दुसऱ्या बाजूला बघा. झाकलेल्या यंत्रांच्या २१ खोल्यांमध्येही खिडकी न उघडणारे शिक्षक असणारच. ते कोण, हे तुम्हाला ओळखता येत नाही, कारण त्यांना आकडा दिसलाच नाही. म्हणजे एका बाजूचे नकार देणारे गाळायचे आणि दुसऱ्या बाजूचे तसेच ठेवायचे, असं होतं. सांगितलेलं मनावर घेणाऱ्या शिक्षकांचे वर्ग एरवीही चाचणीत थोडे पुढे असू शकतात. मग जो फरक दिसेल तो हवेचा की शिक्षकाचा? चिठ्ठ्या टाकून तुम्ही जे कमावलं होतं, ते हे चार वर्ग काढताच हातचं जातं. औषधांच्या चाचण्यांमध्ये म्हणूनच ज्याला जी चिठ्ठी निघाली त्याला त्याच गटात मोजतात, मग त्याने गोळी घेतली असो की नसो.

इथे माझी एक गोष्ट सांगते. पीएचडीच्या दिवसांत मी पाण्यातलं नायट्रेट मोजत असे. एका आठवड्याच्या नमुन्यांपैकी तीन नमुने माझ्या सुंदर रेषेच्या बाहेर पडले. मी वही उघडली, तर त्या तिन्ही बाटल्यांपुढे माझ्याच अक्षरात नोंद होती: ‘बूच सैल’. जीव भांड्यात पडला. कारण सापडलं, तेही आधी लिहून ठेवलेलं, प्रामाणिक. तिन्ही नमुने मी काढून टाकले. काही दिवसांनी लॅबमधल्या एका ज्युनिअर मुलीने सहज विचारलं, ‘बाकीच्या बाटल्यांची बुचं कशी होती?’ मी वही पुन्हा चाळली. ‘बूच सैल’ आणखी पाच ठिकाणी होतं. ते पाचही नमुने माझ्या रेषेवर अगदी नीट बसत होते, म्हणून त्यांच्या बुचांची आठवण मला झाली नव्हती.

मी खोटं काहीच केलं नव्हतं, हेच त्यातलं भयंकर होतं. नावडत्या आकड्याची मी झडती घेतली आणि आवडत्या आकड्याला हात जोडून आत घेतलं. तुमचे सरही हेच करत आहेत असं मला वाटतं, आणि त्यांच्या मनात कपट आहे असं मी धरत नाही. त्या चार वर्गांची चौकशी निकाल बघितल्यावर सुरू झाली, निकाल नावडता होता म्हणून. फरक ५ गुणांचा आला असता तर त्या चार शिक्षकांनी खिडक्या उघडल्या की नाही, हे कुणी विचारलं असतं का?

लॅबमधले आकडे स्वच्छ असतात, असं तुम्ही लिहिता. थोडं थांबा. भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट मिलिकन यांनी तेलाच्या थेंबांवरून इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजला. १९१३ सालच्या त्यांच्या शोधनिबंधात ५८ थेंब आहेत, आणि हे निवडलेले नाहीत, ६० दिवस सलग तपासलेले सगळे थेंब आहेत, असं त्यात म्हटलं आहे. पुढे त्यांच्या वह्या अभ्यासल्या गेल्या तेव्हा त्यांत सुमारे १७५ थेंबांच्या नोंदी निघाल्या. वगळलेल्या थेंबांतले बरेच यंत्रणा स्थिरावण्याच्या काळातले होते, आणि ते धरले तरी उत्तर फारसं हलत नाही, म्हणून इतिहासकारांमध्ये यावर अजून वाद आहे. पण ‘सगळे’ हा शब्द मात्र खरा नव्हता.

त्या गोष्टीचा उत्तरार्ध मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मिलिकन यांचं उत्तर अर्ध्या टक्क्याहून थोडं जास्त चुकलेलं होतं, कारण हवेच्या चिकटपणाचा त्यांनी वापरलेला आकडा बरोबर नव्हता. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी १९७४ साली कॅलटेक या अमेरिकी विज्ञानसंस्थेच्या पदवीदान समारंभातल्या भाषणात विचारलं, पुढच्या लोकांना बरोबर उत्तर लगेच का मिळालं नाही? प्रत्येकाचा आकडा आधीच्यापेक्षा जरासा मोठा येत गेला, असं का? त्यांचं उत्तर असं: मिलिकन यांच्यापेक्षा फार मोठा आकडा आला की माणसं आपलं कुठे चुकलं ते शोधत बसायची आणि काहीतरी सापडायचंच. जवळचा आकडा आला की तेवढं शोधायची नाहीत. माझ्या सैल बुचांची गोष्ट ती हीच. इलेक्ट्रॉनला मुलगी-मुलगा नसतो, शिक्षकाचा मूड नसतो, तरी मोजणारा माणूस तोच असतो.

पडताळणीचे आकडेही बघून घ्या. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून बघितले गेले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांमध्ये निकाल सांख्यिकीय कसोटीला उतरलेला होता, पुन्हा केल्यावर तो ३६ टक्क्यांमध्येच उतरला. सामाजिक शास्त्रांना नावं ठेवणारे हा आकडा तोंडपाठ सांगतात. त्याच्या तीन वर्षं आधी, २०१२ मध्ये, एका औषध कंपनीच्या शास्त्रज्ञांनी कर्करोगावरच्या पायाभूत समजल्या जाणाऱ्या ५३ प्रयोगशाळा-अभ्यासांचा लेखाजोखा मांडला होता. त्यांतल्या फक्त ६ अभ्यासांचे निकाल त्यांना पुन्हा मिळाले. पेशी आणि उंदीर तिथेही लॅबमध्येच होते. भुसभुशीतपणा विषयात कमी आणि निकाल बघून मग ठरवण्याच्या सवयीत जास्त असतो.

ती सवय मोडली की काय होतं, याचं एक उदाहरण मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते. हृदयविकारावरच्या अमेरिकेतल्या सरकारी निधीच्या मोठ्या चाचण्या २०१५ मध्ये एकत्र तपासल्या गेल्या. २००० च्या आधीच्या ३० पैकी १७ चाचण्यांमध्ये उपचाराचा फायदा दिसला होता. २००० नंतर आपण मुख्य म्हणून नेमकं काय मोजणार, हे चाचणीआधी जाहीर नोंदवणं रूढ झालं, आणि त्यानंतरच्या २५ पैकी फक्त २ चाचण्यांमध्ये फायदा दिसला. हा सगळा फरक नोंदणीमुळेच पडला, असं कुणी सिद्ध केलेलं नाही. तरी ते दोन अपूर्णांक शेजारी ठेवून बघा. पदार्थविज्ञानातल्या मोठ्या प्रयोगांमध्ये तर विश्लेषणाची पद्धत पक्की होईपर्यंत खरं उत्तर स्वतःपासूनच झाकून ठेवतात. तुम्ही यंत्रांवर झाकण घातलंत ना, तसंच, फक्त मोजणाऱ्याच्या डोळ्यांवर.

तुमच्या हातात काय आहे, ते आता बघा. लोक उगाच ‘शून्य निकाल’ म्हणतात. तुमचा इंटरव्हल उणे ०.७ ते २.९ आहे. ५ हा आकडा त्याच्या बराच बाहेर आहे. म्हणजे ‘काही सापडलं नाही’ एवढंच तुमचं म्हणणं नाही. भिंतीवर यंत्र लावल्याने ५ गुणांची सुधारणा होते, हे तुमच्या डेटाशी जुळत नाही, असं तुम्ही ठामपणे म्हणू शकता. एक-दोन गुणांचा परिणाम असू शकेल, तो नाकारता येत नाही. हे वाक्य याच शब्दांत थिसिसमध्ये यायला हवं. इंटरव्हल उणे ८ ते १० असता तर मी म्हटलं असतं, तुमच्या प्रयोगाला काही दिसलंच नाही. तुमच्या प्रयोगाला दिसलं आहे.

पण नक्की कशाबद्दल दिसलं? तुमच्या गृहीतकात तीन कड्या आहेत. आकडा दिसला की खिडकी उघडते, खिडकी उघडली की कार्बन डायऑक्साइड उतरतो, तो उतरला की लक्ष सुधारतं. तुम्ही साखळीची दोन टोकं मोजून पत्र लिहिलंत. मधली कडी तुमच्याकडे मिनिटामिनिटाने साठवलेली आहे आणि तिचा पत्रात उल्लेखही नाही! दोन्ही गटांच्या खोल्यांमधला कार्बन डायऑक्साइड खरोखर वेगळा होता का? बाहेरची हवा साधारण ४२० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) आसपास असते, बंद भरलेला वर्ग २,००० च्या वरही जातो. उघड्या यंत्रांच्या खोल्यांमध्ये आकडा उतरलाच नसेल, तर हवेचा लक्षावर परिणाम होतो की नाही याची परीक्षा झालीच नाही. परीक्षा झाली ती भिंतीवर आकडा लावण्याची. आकडा चांगला उतरला असेल आणि तरी लक्ष सुधारलं नसेल, तर तो वेगळाच निकाल आहे आणि जास्त वजनाचा आहे.

हे करण्याआधी यंत्राची खात्री करून घ्या. अशा बऱ्याच यंत्रांमध्ये आपोआप कॅलिब्रेशन होतं, म्हणजे यंत्र आपली मोजपट्टी स्वतःच जुळवून घेतं. गेल्या काही दिवसांतलं सर्वांत कमी वाचन म्हणजे बाहेरची ताजी हवा, असं यंत्र गृहीत धरतं आणि ते वाचन ४०० च्या जवळ आणून बसवतं. खोली रात्री बंद करून कुलूप लावत असतील आणि तिथली हवा कधीच ६०० च्या खाली येत नसेल, तर यंत्र ६०० ला ४०० म्हणू लागेल. जितकी कोंदट खोली, तितकं खोटं कमी वाचन. म्हणजे नेमक्या झाकलेल्या गटातल्या खोल्या आहेत त्यापेक्षा हवेशीर दिसतील आणि दोन गटांतला खरा फरक पुसला जाईल. ही सोय चालू होती की बंद, ते आधी बघा. काही यंत्रं आणून एकत्र मोकळ्या हवेत ठेवा आणि वाचनं जुळतात का ते तपासा. मात्र यंत्रं दोन्ही गटांतली घ्या, सोयीची तेवढी नकोत.

सरांशी बोलण्याबद्दल. सत्ता त्यांच्याकडे आहे, सही त्यांची लागते, हे मला माहीत आहे, म्हणून बाणेदारपणाचा सल्ला मी देणार नाही. ‘हे चूक आहे’ अशी सुरुवात करू नका. दोन तक्ते घेऊन जा. पहिल्यात प्रपोजलमध्ये लिहिलं होतं तेच विश्लेषण, ४२ च्या ४२ वर्ग. दुसऱ्यात सगळ्या १८ वाटा एकाखाली एक, प्रत्येकीत वर्ग हे एकक धरून. त्याच्या वर लिहा: ‘निकाल पाहिल्यानंतर केलेली विश्लेषणं’. मुली-सकाळची ओळ तिथे राहू द्या, लपवायचं काहीच नाही. ती पुढच्या अभ्यासासाठी चांगला प्रश्न आहे, या अभ्यासाचं उत्तर नाही. सरांना म्हणा, ‘पेपर तपासणारे रिव्ह्यूअर विचारणारच, बाकीची विश्लेषणं कुठे आहेत, म्हणून मी आधीच केली.’ हे खरंही आहे. फुटबॉलमधली लाल कार्डं आणि खेळाडूच्या त्वचेचा रंग यांचा संबंध शोधायला एकच डेटा २९ गटांना दिला गेला होता. २० गटांना संबंध सापडला, ९ गटांना नाही. २०१८ मध्ये ते सगळं छापून आलं. रिव्ह्यूअर लोकांनी हे वाचलेलं असतं.

को-गाइडना पहिल्याच बैठकीला बोलवा, वाद पेटल्यावर नको. मूळ डेटाची फाइल आजच फक्त वाचता येईल अशी करून ठेवा, तिची प्रत दोघांना पाठवा आणि वगळण्याबद्दलचा प्रत्येक निर्णय तारखेसह वेगळ्या वहीत लिहा. हे सगळं करूनही सर अडून बसले, तर ‘निकाल पाहिल्यानंतर’ हे शब्द तरी पेपरमध्ये राहतील याचा आग्रह धरा. तेही नको म्हणाले तर पेपरवर तुमचं नाव नको, एवढं सांगण्याचा हक्क तुम्हाला आहे, आणि संस्थेची संशोधन-नीती समिती याच कामासाठी असते. तिथवर जायची पाळी येऊ नये अशी माझी इच्छा आहे. माझा अनुभव असा की दुसरा तक्ता समोर आला की बरेच मार्गदर्शक स्वतःच मागे सरकतात.

आता त्या मुलाखती. परिशिष्टात? त्या बाईंचं वाक्य मी चारदा वाचलं. त्यांना आकडा दिसत होता, अर्थ कळत होता, खिडकी उघडता येत होती, आणि तरी त्यांनी ती विचार करून बंद ठेवली, कारण उघडली की बाहेरचा आवाज आत येतो. या एका वाक्यात दोन शक्यता आहेत. एक, साखळीची पहिलीच कडी आवाजामुळे तुटली. दुसरी अधिक खोल: ज्यांनी खिडकी उघडली त्यांच्या वर्गात हवा सुधारली, पण गोंगाट वाढला, आणि लक्ष एका बाजूने जेवढं कमावलं तेवढं दुसऱ्या बाजूने गेलं. १.१ गुण ही अशा दोन परिणामांची वजाबाकीही असू शकेल. कोणतीही पी-व्हॅल्यू तुम्हाला हे सांगणार नव्हती, आणि त्या बाईंनी न विचारता सांगितलं. माणसांवरच्या संशोधनाची ताकद ती हीच, की आपला नमुना बोलतो. मात्र इथेही सैल बुचाचा नियम पाळा. एकच बोलकं वाक्य उचलू नका, २३ च्या २३ मुलाखती वाचा, आवाजाचा उल्लेख कुणी केला, कुणी नाही आणि कुणी उलटं सांगितलं, तेही मांडा. शक्य असेल तर को-गाइडच्या एखाद्या विद्यार्थ्याला निकाल न सांगता त्याच मुलाखती वाचायला द्या आणि त्याला काय दिसतं ते विचारा.

मग त्या बाईंच्या वर्गाचा आलेख काढून त्यांच्या वाक्याशेजारी ठेवा. खिडकी उघडली की रेष काही मिनिटांत उतरायला लागते, मिटली की पुन्हा चढते, ते स्पष्ट दिसेल. त्या दिवसभर कधी उघडत होत्या आणि कोणत्या तासाला मिटत होत्या, ते मला कळवाल का?